नजर पावलांवर

हिजरी सनाचे दहावे वर्ष, म्हणजे इसवी सन ६३२ चा मार्च महिना. महंमद पैगंबरांची ती अखेरची हजयात्रा. मुझदलिफाचा मुक्काम आटोपून यात्रेकरूंचा लोंढा मिनाच्या दिशेने निघाला होता. पैगंबर उंटिणीवर होते आणि त्यांच्या पाठीमागे, त्याच उंटिणीवर, त्यांचा चुलतभाऊ फजल बसला होता. फजल हा चुलते अब्बास यांचा मुलगा. वयाने कोवळा, दिसायला देखणा. वाटेत खसअम टोळीतली एक तरुण स्त्री पुढे आली. तिला धर्माविषयी एक शंका विचारायची होती. बाप म्हातारा झाला आहे, वाहनावर त्याला धड बसवतही नाही, तर त्याच्या वतीने मी हज केली तर चालेल काय, असे तिचे विचारणे.

ती विचारीत होती आणि फजल तिच्याकडे टक लावून पाहत होता. तीही त्याच्याकडे पाहत होती. पैगंबरांनी काय केले? हात मागे नेला, फजलची हनुवटी धरली आणि त्याचे तोंड दुसरीकडे वळवले. मग त्या बाईला उत्तर दिले की होय, बापाच्या वतीने तू जरूर हज कर.

अब्बासांनी नंतर विचारले म्हणे, की पोराची मान अशी का पिरगाळलीत? त्यावर उत्तर मिळाले ते असे, की एक तरुण आणि एक तरुणी समोरासमोर दिसली, आणि सैतानाचा मला भरवसा वाटेना.

हदीसच्या ग्रंथांत ही हकीकत चार ओळींची आहे. पण त्या हाताकडे वाचकांनी जरा नीट पाहावे. बाईला कोणी परत पाठवले नाही. तू गर्दीत कशाला आलीस, असे कोणी दटावले नाही. तिचा प्रश्न अर्धा राहिला नाही. हात गेला तो बघणाऱ्याच्या हनुवटीकडे. इस्लाममध्ये नजर आवरण्याची जी साधना पुढे तेराशे-चौदाशे वर्षे चालत आली, तिचे मूळ मला या हातात दिसते; आणि पुढे त्या साधनेचे जे वाकडे झाले, तेही या हाताचा विसर पडल्यामुळे झाले, असे माझे मत आहे.

अरबीत या साधनेला ‘गद्द-उल-बसर’ म्हणतात. आपल्याकडचे उर्दू जाणणारे लोक ‘गज्जे-बसर’ असा उच्चार करतात. बसर म्हणजे दृष्टी. गद्द म्हणजे उतरवणे, हलके करणे. हेच क्रियापद कुराणात आवाजाच्या बाबतीतही येते, जिथे लुकमान नावाचा ज्ञानी पुरुष आपल्या मुलाला बोलण्याची पट्टी खाली ठेवायला सांगतो. आवाज खाली आणणे म्हणजे मुके होणे नव्हे. तसेच नजर खाली आणणे म्हणजे आंधळे होणे नव्हे, हे त्या शब्दातच आले. जुन्या भाष्यकारांनी तर तिथल्या एका लहानशा अव्ययावर बोट ठेवून म्हटले आहे की आज्ञा सगळी नजर आवरण्याची नसून नजरेतले काही आवरण्याची आहे. व्याकरणाचा कीस पाडणारी माणसे सगळीकडे सारखीच! पण इथे त्या किसातून माणुसकी निघाली आहे खरी.

ही आज्ञा कुराणाच्या चोविसाव्या अध्यायात, सूरे नूरमध्ये आहे. नूर म्हणजे प्रकाश. या अध्यायाची मांडणी पाहण्यासारखी आहे. आरंभी हजरत आयेशांवर आलेल्या बालंटाचे प्रकरण येते. प्रवासात त्यांचा गळ्यातला हार हरवला, तो शोधण्यात त्या मागे राहिल्या, तांडा पुढे निघून गेला. मागाहून येणाऱ्या सफवान नावाच्या तरुणाने त्यांना आपल्या उंटावर बसवून, स्वतः उंट चालवीत सुखरूप आणून पोचवले. तेवढ्यावरून मदिनेत कुजबुज सुरू झाली आणि ती महिनाभर थांबली नाही. कुराणाने आयेशांना निर्दोष ठरवले आणि चार साक्षीदारांवाचून स्त्रीच्या शीलावर बोट दाखवणाऱ्यांना शिक्षा सांगितली. त्यानंतर लगेच, दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरू नये, हा नियम. त्याच्यानंतर नजरेचा नियम, तिसाव्या आयतीत पुरुषांना आणि एकतिसाव्या आयतीत स्त्रियांना. आणि आणखी चार आयती ओलांडल्या की तो जगप्रसिद्ध प्रकाशाचा दृष्टांत येतो, कोनाड्यातल्या दिव्याचा. चहाडी, दुसऱ्याचा उंबरठा, नजर आणि मग दिवा. हा क्रम मनात धरला, की नजरेचा प्रश्न नुसता स्त्री-पुरुषांचा राहत नाही. दुसऱ्याच्या आयुष्यात आपण किती डोकवावे, असा तो प्रश्न होतो.

आणि पुरुषांना आधी, हे विसरायचे नाही. आपल्याकडे घरातल्या मुलीला बाहेर पडताना बजावतात, ‘खाली मान घालून जा, खाली मान घालून ये.’ मुलाला हे कोण सांगतो?

डोकावण्यावरून एक गोष्ट आठवते. पैगंबर एकदा घरात लोखंडी फणीने डोके खाजवीत बसले होते. एक मनुष्य दाराच्या फटीतून आत बघत होता. ते लक्षात येताच पैगंबर म्हणाले की तू बघतो आहेस हे आधी कळते तर ही फणीच तुझ्या डोळ्यात खुपसली असती. घरात शिरताना परवानगी मागायची ती या डोळ्यांसाठीच तर आहे. एरवी मवाळ असणाऱ्या पुरुषाचे हे बोलणे कडक वाटेल. पण पाय उंबऱ्याच्या बाहेर ठेवून डोळे आत पाठवणारा माणूस घरात शिरलाच, हा विचार त्यामागे आहे. हल्ली ती फट प्रत्येकाच्या खिशात असते, एवढेच.

कट्ट्यावर बसणाऱ्यांचीही सोय लावलेली आहे. रस्त्याच्या कडेला बसू नका, असे सांगितल्यावर मदिनेची मंडळी म्हणाली, की त्यावाचून आमचे कसे चालेल, आमच्या गप्पागोष्टी तिथेच होतात. तेव्हा ठरले, की बसा, पण रस्त्याचा हक्क त्याला द्या. त्या हक्कात पहिले कलम नजर खाली ठेवण्याचे. मग कोणाला उपद्रव न देणे, सलामाला उत्तर देणे, चांगले सांगणे आणि वाइटाला आवरणे. गावच्या पारावर हा कागद लिहून लावण्यासारखा आहे.

अवचित नजर गेली तर काय? ती वळवावी, तिचा दोष नाही. हजरत अलींना सांगितले गेले की पहिली नजर तुझी, दुसरी तुझी नव्हे. वैद्याला, न्यायाधीशाला, साक्षीदाराला कामापुरती मोकळीक. लग्न करू इच्छिणाऱ्याला तर मुगीरा बिन शोबा या सोबत्याचा दाखला देऊन सांगतात, की मुलगी आधी पाहून घे, त्याने दोघांत जिव्हाळा टिकेल. म्हणजे मुलगी बघण्याचा कार्यक्रम तिथेही होता. पोह्यांचे काय होते कोण जाणे. आणि ईदच्या दिवशी मशिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचे खेळ करीत होते, तेव्हा पैगंबरांनी आपल्या चादरीचा आडोसा धरून आयेशांना ते खेळ त्यांचे मन भरेपर्यंत पाहू दिले. सणाच्या दिवशी डोळ्यांना उपवास घडवणारा हा धर्म नव्हता.

तरी शिष्य नेहमीच गुरूच्या एक पाऊल पुढे जातात. कूफा शहरात रबी बिन खुसैम नावाचे एक सत्पुरुष होते. ते इतके खाली बघून चालत, की लोकांना ते आंधळेच वाटत. आपले गुरू इब्न मसूद यांच्या दारी ते गेले, की दार उघडणारी दासी आत जाऊन सांगे, ‘तुमचे ते आंधळे मित्र आले आहेत.’ गुरूंना हसू येई. बसऱ्याचे हस्सान बिन अबी सिनान यांची हकीकत तर खास सणासुदीची आहे. ते ईदची नमाज आटोपून घरी आले. बायकोने विचारले, आज किती सुंदर बायका पाहिल्यात? ती पुन्हा पुन्हा विचारू लागली तेव्हा ते म्हणाले, अगं, इथून निघाल्यापासून परत येईपर्यंत मी माझ्या पायाच्या अंगठ्यापलीकडे काही पाहिले नाही. बायकोचा विश्वास बसला की नाही, ग्रंथकार सांगत नाहीत. आपल्याला इथे लक्ष्मण आठवावा, ज्याला सीतेचे दागिने दाखवले तेव्हा फक्त पायातली नूपुरेच ओळखता आली. दूरदूरच्या लोकांनी सदाचाराची चित्रे काढताना पायांकडेच बघावे, याचे मला मोठे नवल वाटते.

पण अंगठ्याकडे बघणारा मनुष्य मनातून कुठे बघत असेल? हा प्रश्न बगदादच्या सूफींनी विचारला आणि इथून पुढे ही कथा खोल होते. हारिस मुहासिबी यांचे नावच मुळी ‘हिशेब घेणारा’ अशा अर्थाचे. रोज स्वतःचा जमाखर्च तपासण्याचा त्यांचा परिपाठ. इसवी सन ८५७ मध्ये ते वारले. त्यांच्या मागून आलेल्या जुनैद यांना कोणी विचारले, नजर आवरायला कशाची मदत घ्यावी? जुनैद यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की तुझी नजर जिथे पोचायची तिथे पोचण्याआधी तुला पाहणाऱ्याची नजर तुझ्यावर पोचलेली असते, हे ध्यानात ठेव. पाहणाऱ्यालाच कोणीतरी पाहतो आहे. वर्गात मास्तर मागे उभे आहेत हे कळल्यावर मुलांच्या माना कशा सरळ होतात, हे मला रोज दिसते. मास्तर नसतानाही मान सरळ राहावी म्हणून मात्र जन्म घालवावा लागतो.

या साऱ्याचे शास्त्र बांधले ते गझाली यांनी. १०५८ साली इराणातल्या तूस गावी जन्मलेला हा पुरुष तेहतिसाव्या वर्षी बगदादच्या निजामिया विद्यापीठाचा मुख्य आचार्य झाला. तीनशे विद्यार्थी समोर बसत. आणि १०९५ मध्ये एके दिवशी त्यांची वाचाच बसली. शब्द फुटेना, घास उतरेना. वैद्यांनी हात टेकले. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नव्हे, नावलौकिकासाठी, असे त्यांना स्वतःलाच दिसले होते. मानमरातब, घरदार सोडून ते दमास्कसला गेले आणि तिथल्या मोठ्या मशिदीच्या मनोऱ्यात, दार लावून घेऊन, दिवसचे दिवस बसू लागले. ज्याच्यावर साऱ्या शहराच्या नजरा होत्या त्याने नजरेआड होण्यासाठी एवढा खटाटोप केला. नजरेविषयी त्याचे म्हणणे म्हणूनच मला पोथीतले वाटत नाही.

साधकांसाठी लिहिलेल्या ‘बिदायत-उल-हिदाया’ या लहान पुस्तकात गझाली शरीराच्या सात अवयवांची राखण सांगतात आणि डोळा पहिला घेतात. डोळ्याला त्यांनी चार गोष्टींपासून जपायला सांगितले आहे. परस्त्रीकडे बघणे आणि सुंदर रूपाकडे वासनेने बघणे, या दोन तर कोणीही सांगेल. पुढच्या दोन वाचताना मी थबकलो. तिसरी, आपल्या धर्मबंधूकडे तुच्छतेने बघणे. चौथी, त्याचे वैगुण्य हुडकीत बघणे.

तुच्छतेची नजर आणि वासनेची नजर एका ओळीत! आपण पहिल्या दोहोंची केवढी चर्चा करतो, आणि उरलेल्या दोहोंवर आपले सगळे सामाजिक जीवन चाललेले असते. गरीब नातेवाईक लग्नाला आला की त्याच्या चपलांकडे जाणारी नजर, नापास झालेल्या पोराकडे फिरणारी पाहुण्यांची नजर, शेजारणीच्या दिवाळीच्या ताटाचा हिशेब मांडणारी नजर यांना पाप म्हणायची आपल्याला सवयच नाही. गझालींच्या दृष्टीने डोळ्याच्या वहीत ही सगळी बाकी निघते. रमजानच्या उपवासाच्याही त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पोटाचा उपवास सामान्यांचा. डोळे, कान, जीभ, हात, पाय यांचा उपवास त्याहून वरचा. आणि मनाचा उपवास सर्वांत वरचा. पोट उपाशी ठेवून डोळे जेवत राहिले तर उपवासाची कमाई किती, हा त्यांचा सवाल आहे.

दोष डोळ्याचा की मनाचा, यावर दमास्कसचे इब्न कय्यिम यांनी चौदाव्या शतकात एक गमतीचे भांडण रंगवले आहे. मन डोळ्याला म्हणते, तू कुरणात चरायला गेलास आणि मरण माझ्या गळ्यात आणलेस. डोळा म्हणतो, वा रे वा! राजा तू, मी तुझा हरकाऱ्या. तू पाठवलेस तिथे गेलो. दोघांची हमरीतुमरी चालू असताना काळीज, म्हणजे खरोखरचे यकृत, मध्ये पडते आणि म्हणते, की अरे, तुम्ही दोघांनी मिळून मला मारले आहे! अरबी काव्यात विरहाने जळते ते यकृतच. तेव्हा फिर्याद करण्याचा हक्क त्याचाच.

सूफींतही एक पंथ असा निघाला, की सुंदर मुखात आम्ही परमेश्वराचेच सौंदर्य पाहतो, तेव्हा पाहण्यात दोष कसला? औहदुद्दीन किरमानी हे त्यांतले मोठे नाव. त्यांची आणि शम्स तबरीझी यांची भेट झाल्याची कथा मौलाना रूमींच्या चरित्रकाराने दिली आहे. शम्स यांनी विचारले, काय चालले आहे? किरमानी म्हणाले, पाण्याच्या तसराळ्यात चंद्र पाहतो आहे. त्यावर शम्स म्हणाले, मानेला गळू झालेले नसेल तर वर आकाशात का बघत नाहीस? यापेक्षा चोख उत्तर मला सुचत नाही.

आता जे वाकडे झाले त्याकडे वळू. बघणाऱ्याने डोळे आवरायचे, ही अवघड गोष्ट. त्यापेक्षा बघण्याजोगे जे आहे ते भिंतीआड टाकणे सोपे. स्त्रियांनाही नजरेचा आणि पदराचा नियम होताच. पण हळूहळू सगळे ओझे त्यांच्याच डोक्यावर सरकत गेले. इब्न बतूता हा थोर प्रवासी याचा मासला आहे. शिक्षणाने तो काझी. आपल्या कोकणपट्टीच्या खाली होनावरला तो आला तेव्हा तिथल्या मुसलमान स्त्रियांचे त्याने कौतुक केले; त्या न शिवलेले एकच वस्त्र कमरेला गुंडाळून उरलेले डोक्या-छातीवरून घेत, आणि त्यांना कुराण मुखोद्गत होते. गावात मुलींच्या तेरा शाळा त्याने मोजल्या. म्हणजे आपल्या लुगड्याच्या बहिणीत त्याला काही वावगे दिसले नाही. पण १३४३-४४ च्या सुमारास मालदीव बेटांवर तो काझी झाला, तेव्हा तिथल्या बायका कमरेच्या वर उघड्या असतात हे पाहून त्याने हुकूम काढले, आणि ते हुकूम कोणी जुमानले नाहीत. बायका आपल्या रिवाजाप्रमाणे राहत होत्या. अस्वस्थ झाला होता तो काझी.

पुढे १३५२ मध्ये सहारा ओलांडून तो वलाता गावी गेला. तिथे एका गृहस्थाच्या घरी त्याने पाहिले, की यजमान बसला आहे आणि त्याची बायको एका परपुरुषाशी गप्पा मारते आहे. याने जाब विचारला. यजमानाने शांतपणे सांगितले, की आमच्याकडे स्त्री-पुरुषांची मैत्री चांगल्या रीतीची असते, तीत संशयाला जागा नाही. आमच्या बायका तुमच्याकडच्यांसारख्या नव्हेत. इब्न बतूता उठून गेला आणि त्या माणसाने पुन्हा पुन्हा बोलावले तरी त्या घरी गेला नाही. हे सारे त्यानेच प्रामाणिकपणे लिहवून ठेवले आहे. वाचताना मला गझालींची तिसरी आणि चौथी गोष्ट आठवते. धर्मबंधूकडे तुच्छतेने पाहू नये, त्याचे वैगुण्य हुडकू नये, हे धर्मशास्त्र शिकलेल्या या काझीला त्या दारात का आठवू नये?

हा प्रश्न मग फार काळाने पुन्हा निघाला. १८९९ साली कैरोत कासिम अमीन या न्यायाधीशाने स्त्रीमुक्तीवर पुस्तक लिहिले आणि विचारले, की मोहाची भीती असेल तर पुरुषांनाच बुरखा घालायला का सांगितले नाही? पुरुषाचा निग्रह बाईपेक्षा दुबळा समजायचा काय? आणि १९०५ साली बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन या बाईंनी ‘सुलतानाज् ड्रीम’ ही गोष्ट इंग्रजीत लिहून त्याचीही पुढची मजल मारली. त्यांच्या स्वप्नातल्या देशात बायका मोकळ्या हिंडतात, कारभार करतात, आणि पुरुष घरात कोंडलेले, जनान्याऐवजी मर्दाना. स्वतः पडद्यात वाढलेल्या बाईने हे लिहिले. तिने फजलची हनुवटी धरली होती, असेच म्हणायचे.

साधनेची जुनी वाट मात्र बंद पडली नव्हती. मध्य आशियात, बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवान गावी बाराव्या शतकात ख्वाजा अब्दुल खालिक नावाचे गुरू झाले. नक्शबंदी सूफींची आठ सूत्रे त्यांच्याकडून आली. फारसीतली ती इवलीशी सूत्रे आहेत. श्वासाचे भान ठेवणे हे एक. माणसांच्या मेळ्यात राहून एकांत साधणे हे दुसरे. आणि त्यांतच ‘नजर बर कदम’, म्हणजे नजर पावलावर. रस्त्याने चालताना डोळे आपल्या पायाकडे ठेवावेत, म्हणजे मन चहूकडे विखुरत नाही. जाणते लोक याचा दुसराही अर्थ लावतात, की पुढचे पाऊल कुठे पडायचे आहे तिथे दृष्टी ठेवावी. आपल्याकडे ‘नाकासमोर चालणारा’ म्हणतात, त्याचा हा थोरला भाऊ.

हे सूत्र पायी पायी आपल्या मराठी मुलुखात आले. सतराव्या शतकात त्याच गिज्दुवानचे बाबा पलंगपोश दक्षिणेत उतरले. औरंगजेबाचा सरदार फिरोजजंग याच्या फौजेबरोबर ते छावण्या-छावण्यांतून हिंडत. त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर, तेही गिज्दुवानचेच. ते औरंगाबादेत स्थिरावले. शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मुसाफिरबाबांचा तकिया म्हणजे आपण सहलीला जाऊन पाहतो ती पाणचक्की. दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांनी आणून उंच भिंतीवरून हौदात सोडलेले, आणि त्या पाण्याच्या जोरावर फिरणारे दगडी जाते. दोघा बाबांच्या आठवणी शाह मुसाफिरांचे शिष्य शाह महमूद यांनी फारसीत लिहून ठेवल्या.

शाळेच्या सहली तिथे जातात तेव्हा सगळी मुले भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याकडे माना वर करून बघतात, आणि बघावेच असे ते पाणी आहे. जाते तिथे बसवले होते ते तकियातल्या फकिरांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. तुराणातून निघालेले फकीर, शिपाई, पोटार्थी असे कोणकोण शेकडो कोस तुडवीत दारी येत, आणि त्यांच्या भाकरीचे पीठ त्या जात्यावर दळले जाई.